आठवडाभर चाललेला सिनेमा

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर माणसं एक तर जिना चढायची घाई करतात, नाहीतर खुर्चीला चिकटून बसतात. घरोघरी जाऊन अशांकडून व्यायाम करून घेणं हेच फिजिओथेरपिस्ट म्हणून तिचं काम, त्यामुळे समोरचा कोणत्या गटातला आहे ते तिला दारातूनच कळायचं. हे दिग्दर्शक काका पक्के खुर्चीवाले होते.

"पाय उचला, काका."

"उचलून जायचंय कुठे?"

"स्वयंपाकघरापर्यंत तरी."

"चहा मला इथेच मिळतो."

चहा देणाऱ्या काकू दारात उभ्या असायच्या. त्यांना या विनोदाचं हसू येत नसे.

तरुणपणी काकांनी एकच सिनेमा काढला होता, 'पलीकडचं बिऱ्हाड'. तो आठवडाभर चालला आणि उतरला. मग त्यांनी साबणाच्या नि पंख्यांच्या जाहिराती केल्या, मुलींची शिक्षणं केली, सगळं रीतसर केलं. पण तो सिनेमा त्यांच्या डोक्यातून काही उतरला नाही. मांडी आवळून धरा म्हटलं की ते पुलाच्या दृश्यावर घसरायचे. नायिका पूल ओलांडते आणि कॅमेरा कुठेही न थांबता तिच्या मागोमाग जातो, एका दमात.

"लोकांना कळलंच नाही," हे त्यांचं पालुपद. एकदा त्यांनी रोखून विचारलं, "तुम्ही तरी पाहिलाय का?"

तिने नाही म्हटलं. वाद जिंकल्यासारखे ते मागे टेकले आणि त्या दिवशी त्यांनी पाय उचललाच नाही.

निघताना काकू लिफ्टपर्यंत आल्या. "नेटवर टाकलाय कोणीतरी. चित्र पुसट आहे. मी सांगितलं म्हणून सांगू नका हं."

रविवारी दुपारी तिने तो सासूबाईंबरोबर लावला. तिचा नवरा मालवाहू जहाजावर. वर्षातले निम्मे महिने घरात या दोघीच. नवऱ्यापेक्षा सासूशीच तिचा संसार जास्त झाला होता. सासूबाई गणिताच्या शिक्षिका होत्या, आणि निवृत्तीनंतरही पडद्याकडे उत्तरपत्रिका तपासायला घेतल्यासारख्या बघायच्या.

गोष्ट साधीच होती. आईबाप गेलेले, मोठ्या बहिणीने धाकट्या भावाला वाढवलेलं. मध्यावर कुठेतरी ती शर्टांना इस्त्री करत असते आणि आतल्या खोलीतून भावाचा आवाज येतो, दुसऱ्या गावी नोकरी लागलीय, पुढच्या महिन्यात जातो. भाऊ दिसत नाही. दिसते ती फक्त बहीण. तिचा हात क्षणभर थबकतो, आणि मग ती एकाच बाहीवरून इस्त्री फिरवत राहते. बाही उलटते, पुन्हा फिरवते. शेवटी म्हणते, "हा शर्ट मग वरच ठेवते."

"थांबव," सासूबाई म्हणाल्या. "परत लाव."

दुसऱ्यांदा बघून झाल्यावर त्या म्हणाल्या, "जहाजावर जायचं ठरवलं ना याने, तेव्हा दाढी करत होता. न्हाणीघरातून ओरडून सांगितलं. मी भांडी घासत होते. एकच पातेलं किती वेळ घासलं, कोणास ठाऊक."

इतक्या वर्षांत हे त्या कधी बोलल्या नव्हत्या. तिने सिनेमा पुढे चालू केला. पूल आला तेव्हा सासूबाईंची मान कलली होती. खरं सांगायचं तर तिलाही तो लांबच वाटला.

"आणि पूल?" पुढच्या खेपेला तिने सिनेमा पाहिल्याचं सांगताच काकांनी डोळे बारीक करून विचारलं.

तिला खोटं बोलता येत नसे. "पुलावर आईंचा डोळा लागला. पण इस्त्रीचं दृश्य त्यांनी दोनदा पाहिलं."

"ते?" काका भडकलेच. "ते काय दृश्य आहे? भावाचं काम करणारा नट तापाने फणफणला होता. ती जागा पुन्हा मिळणार नव्हती. म्हणून तिच्यावरच कॅमेरा लावला, दाराआड बसून त्याची वाक्यं मी वाचली, आणि नंतर त्याचा आवाज चिकटवला. वेळ मारून नेली नुसती! त्या तुकड्याची मला लाज वाटते."

तिने पातेल्याची हकीकत सांगितली. काका म्हणाले, "तुमच्या सासूबाईंना म्हणावं, पुलावर झोपणाऱ्यांनी मतं देऊ नयेत."

निरोप पोहोचला. सासूबाई हातातलं शब्दकोडं बाजूला न ठेवता म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, समोर येऊन सांगा. दुसरा मजला आहे. लिफ्ट नाही."

त्यानंतर काका पाय उचलू लागले. कुरकुरत, शिव्या पुटपुटत, पण उचलू लागले. स्वयंपाकघर झालं, फाटक झालं, मग जिना. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा," ती बजावायची. काकू मागून बघत असायच्या. एकदा त्यांनी पदराने डोळे टिपलेले तिला दिसले.

ज्या रविवारी ते आले त्या रविवारी सासूबाईंनी त्यांच्यासाठी खुर्चीवर उशा रचून ती उंच करून ठेवली होती. सिनेमा सुरू झाला आणि काका खिडकीबाहेर बघू लागले.

"पहिल्या आठवड्यानंतर बघितलाच नाहीये त्यांनी," काकू तिच्या कानाशी म्हणाल्या.

इस्त्रीचं दृश्य आलं तेव्हा मात्र त्यांनी मान वळवली. पडद्यावरचा हात थबकला.

"हे मी तिला सांगितलं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "मी दाराआड होतो. आणि संकलनाला बसलो तेव्हा तुकडा किती लांबीचा आहे एवढंच बघितलं." मग कोणाकडेही न बघता, "काय नटी होती! मी तिला नीट शाबासकीसुद्धा दिली नाही."

पुलाच्या वेळी सासूबाई वर्गावर असल्यासारख्या ताठ बसल्या. कॅमेरा चालत राहिला, चालत राहिला. काका उशांवर चुळबुळले.

"लांबलाय जरा."

"जरा?" सासूबाई म्हणाल्या.

काकूंना हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. सर्वांत शेवटी काकांना.

"पण शेवटाला ती मागे वळून बघते," सासूबाई पुढे म्हणाल्या, "ते मागच्या खेपेला निसटलं होतं माझं. इतकं चालल्यावर वळते, म्हणून लागतं ते."

"त्याच्यासाठीच तर पूल," काका म्हणाले. आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता.

पुढे त्या सिनेमाचं नाव झालं वगैरे काही नाही. सासूबाईंनी शाळेतल्या दोन जुन्या मैत्रिणींना सांगितलं, त्यातल्या एकीने आपल्या जावेला आणलं, आणि आणखी एका रविवारी खोली भरून बायका बसल्या. काकाही जिना चढून आले. सिनेमा संपल्यावर त्या जाऊबाईंनी विचारलं, "पुढे त्या बहिणीचं काय होतं हो?"

काकूंनी धास्तावून नवऱ्याकडे पाहिलं. असल्या प्रश्नांवर ते पूर्वी उठून जायचे. आज त्यांनी हातातली काठी भिंतीला टेकवली आणि विचारात पडले.

"ती गाडी चालवायला शिकते," ते सावकाश म्हणाले.

"कोणाकडे?" सासूबाईंनी विचारलं.

"थांबा," काका म्हणाले, "सांगतो."