राणीने पास केलेला माल

मित्रांनो, मी एक जुना, पोचे पडलेला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, वाडगा आहे. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात भल्लासाहेबांचा कुत्र्यांच्या बिस्किटांचा कारखाना होता. मी तिथल्या चाचणी विभागात होतो. विभाग म्हणजे मी, एक तराजू, राणी नावाची तांबडी कुत्री आणि सांगलीहून आलेले कृष्णकांत.

मैदा, हाडांची भुकटी आणि वाळवलेलं मांस मळून बिस्किटं भाजली, की प्रत्येक घाण्यातली पाव किलो माझ्यात पडत. त्याआधी कृष्णकांत राणीला अर्धी पोळी देत. "परीक्षक उपाशी असला तर काहीही पास करेल," असं त्यांचं म्हणणं. मग ते म्हणत, "जेव गं बाई." सगळा कारखाना तिच्याशी पंजाबीत बोले, पण ती ऐके ते हेच दोन शब्द. तिने खाल्लं आणि दुसऱ्या सकाळी ती ठणठणीत उठली, की माल पास. भल्लासाहेब तिला 'मॅडम' म्हणत. मान फुकट देता येतो, तिथे ते हात आखडत नसत.

पंजाबातल्या अतिरेक्यांच्या त्या काळात एकदा तीन दिवस कर्फ्यू लागला. राणी आत कोंडली गेली. चौकीदाराने पाणी तेवढं दिलं. मांसाची पोती गळक्या छपराखाली भिजून पडली. चौथ्या दिवशी कर्फ्यू थोडा सैल झाला, तसं भल्लासाहेबांनी तेच मांस मळायला लावलं.

माझ्यात बिस्किटं पडली. राणीने हुंगलं आणि तीन दिवसांच्या उपाशी पोटाने ती मागे सरली.

"साहेब, मांस सडलंय," कृष्णकांत म्हणाले आणि खिशातली पोळी काढू लागले.

"रोटी बाद में! ट्रक का कर्फ्यू पास चार बजे तक है. आपकी तो सुनती है, बोलिए. नहीं तो कल से सांगली में आराम कीजिए, जी."

कृष्णकांतांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग हळूच म्हणाले, "जेव गं बाई."

ती पुढे आली. डोळे त्यांच्यावर ठेवून तिने मला तळापर्यंत चाटलं. एवढा स्वच्छ मी कधीच झालो नव्हतो. अंबाल्याचा ट्रक चारच्या आत सुटला.

पहाटेपर्यंत राणी तडफडत होती, उजाडताना गेली. भल्लासाहेबांनी अंबाल्याला फोन करून बिस्किटांची पोती न उघडता परत मागवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "देखा? अपनी टेस्टिंग कितनी पक्की है!" ऑफिसात तिचा फोटो लागला, हारासकट.

महिन्याभरात नवी कुत्री आली. कृष्णकांत तिला अर्धी पोळी देत, माझ्याकडे बोट दाखवत आणि म्हणत, "खाओ." मराठीचा एक शब्दही त्यांनी तिला शिकवला नाही.

आता मी गंजके खिळे सांभाळतो. मला घासून ठेवा, असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. ज्याला तुम्ही 'जेव' म्हणाल, त्याच्या वाडग्यातलं आधी स्वतः हुंगून बघा. तुमच्या शब्दाखातर तो आपलं नाक खोटं ठरवणार आहे.