वाएलच्या उंचवट्यावरून

खट्.

"आलं का?" वगदीने विचारलं.

"आलं," मागच्या सीटवरून त्याची बायको अतियात म्हणाली. "उजवीकडून."

"परवा डावीकडून येत होतं."

"परवा डावीकडून, आज उजवीकडून. मी काय करू, अबू वाएल? माझ्या पोटातून नाही येत ते." अबू वाएल, वाएलचा बाप, अशीच ती त्याला हाक मारायची.

गाडी कालव्याच्या कडेने महल्ला शहराकडे चालली होती. शनिवार, सोमवार, बुधवार, हे अतियातचं रक्त धुवायचे वार. एक वार चुकला तर पाणी पायांत उतरतं, पुढचाही चुकला तर छातीत चढतं, असं डॉक्टरीणबाईंनी वगदीला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आणि अतियातने मागच्या आठवड्यात, भाकरी भाजता भाजता, अगदी साध्या आवाजात सांगून टाकलं की सुईचं तिला काही वाटत नाही, यंत्राचंही नाही, पण हा रस्ता जर असाच तिची हाडं खिळखिळी

खट्.

करणार असेल, तर ती घरीच बसेल. जे व्हायचं ते चुलीपाशी होऊ दे.

तेव्हापासून वगदीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. गाडी मऊ झाली पाहिजे. गाडी मऊ झाली तर अतियात जाईल, अतियात गेली तर जगेल. सूतगिरणीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे गणित सरळ वाटत होतं.

*

गाडी घेतली तेव्हा तो मेहुण्याला घेऊन गेला होता. फिक्री, अतियातचा धाकटा भाऊ, रंगातला दर्दी. आमच्याकडे एकवेळ नवरीचं कूळ विचारायचं राहील, पण गाडीचा रंग फॅक्टरीचा आहे की मागून मारलेला, हे विचारल्याशिवाय कुणी चहालासुद्धा हात लावत नाही. फिक्रीने दारादारावर बोटातली अंगठी टकटकवली, पत्र्याला गाल लावून उन्हात तिरकं पाहिलं, पेट्रोलच्या झाकणाच्या आत बोट फिरवून वास घेतला.

"दाजी, डोळे मिटून घ्या. टाचणीएवढीसुद्धा जागा रंगवलेली नाही. ही गाडी जशी आईच्या पोटातून आली तशी आहे."

"आणि चालायला कशी आहे?"

"चालायला? दाजी, चालवायला गाढव घेतात. गाडी घेतात ती उद्या विकायला. रंग शाबूत तर किंमत शाबूत."

विकणारा औषधवाला हसला, म्हणाला, माझ्या बायकोने हिला फक्त दवाखान्यात नेली-आणली. सौदा पक्का म्हणून सगळ्यांनी तळवे उघडून फातिहा म्हटली, हात मिळवले. गुडघे टेकून खाली कुणी पाहिलं नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

*

ते मिस्त्रीने, उस्ता झग्लूलने, पाहिलं. त्याचं गॅरेज वीटभट्ट्यांच्या अलीकडे, एका निलगिरीखाली. त्याने बॉनेटच्या कोपऱ्यावर सगळं अंग टाकून दाबलं आणि सोडलं. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली, एखाद्या लाचारासारखी होय होय करत राहिली.

"बघितलंत? दाबलं की एकदा वर यावं आणि गप्प बसावं. ही वादच घालत बसलीय. शॉकअपमधलं तेल कधीच वाहून गेलं." मग तो खाली सरकला आणि तिथूनच बोलू लागला. "लोअर आर्मचे बुश म्हणजे वाळलेले खजूर झालेत. स्टॅबिलायझरची लिंक नुसती लोंबतेय, तुमचा तो खटखटाट तिचा. मागच्या स्प्रिंगा बसल्यात. टायर आतल्या बाजूने खाल्लेत, हात लावा, लावा ना. स्टिअरिंग सोडलं की गाडी उजवीकडे पळते का?"

"पळते."

"कालव्याकडे. तिलाही जीव नकोसा झालाय."

"उस्ता," वगदी म्हणाला, "थट्टा बाजूला ठेव. हिच्यात माझी बायको बसते."

झग्लूल बाहेर आला. ओठावरची धूळ त्याने बाहीने पुसली आणि पुढे थट्टा केली नाही.

हिवाळाभर ते चाललं. आधी लिंका बदलल्या, आणि वगदीला आठ दिवस वाटलं की झालं. मग मधूनच खालून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. बुश. मग शॉकअप. नवे चिनी नकोत, बाहेरदेशातून उतरलेले जुनेच घ्या, असं सगळ्यांचं मत पडलं. ते कुठल्या परक्या रस्त्यावर थकून आले होते देव जाणे, महिन्याभरात त्यांच्यातूनही तेल गळू लागलं. एक आवाज मिटला की त्याच्या खाली दडलेला दुसरा ऐकू यायचा. वगदीला शेवटी आवाज नसतानाही ऐकू यायचा, जेवताना, नमाजाला वाकताना.

एका भागाला मात्र झग्लूलने हात लावला नाही. उजव्या चाकाचा बॉल जॉइंट. चाक जिच्या आधारावर वळतं ती गाठ.

"हा बघा. फॅक्टरीचा. अजून शिक्का दिसतोय. याच्या जागी मी जे घालीन ते याच्यापुढे कचरा."

"जरासा हलतोय की."

"हलू दे. मूळचा आहे तो. मूळच्याला सोडवायचं नसतं."

फिक्रीनेही वाकून शिक्का पाहिला, "माशाअल्लाह" म्हणाला. वगदीला उगीच अभिमान वाटला.

*

आता रस्ता.

आमच्या रस्त्यावर गतिरोधक सरकार बांधत नाही. कुणी गाडीखाली गेलं की तीन दिवस शोक, चौथ्या दिवशी गल्लीतले लोक सिमेंट कालवतात. म्हणून प्रत्येक उंचवट्याला नाव आहे. मायक्रोबसमधली माणसं म्हणतात, "सनाच्या अलीकडे उतरव." सना शाळेतून येत होती. पुढे वासराचा. वासराचाही आहे, कारण ते विधवेचं होतं. मग अम्म लबीबचा, म्हणजे लबीबकाकांचा, मग जुळ्यांचा. परका चालक शिव्या देतो, इथला ब्रेक दाबतो आणि ओठांत काहीतरी पुटपुटतो.

महल्ल्याहून येताना सगळ्यांत शेवटी, आणि जाताना सगळ्यांत आधी, वगदीच्याच गल्लीच्या तोंडाशी, वाएलचा.

एकुलता एक. विटांचा ट्रक. चौथ्या दिवशी गवंडी म्हणाला होता, "एवढा उंच नको, वगदीभाऊ, गाड्यांची पोटं फाटतील." वगदी म्हणाला, "माझा मुलगा केवढा उंच होता?" आत लोखंडी सळया घातल्या, म्हणजे कुणी फोडूही नये. बायका सिमेंट कालवायला पाणी आणत होत्या तेव्हा अतियातनेही हंडा डोक्यावर घेतला, खेपा घातल्या, कुणाला हंडा धरू दिला नाही.

तो अख्ख्या रस्त्यावरचा सगळ्यांत उंच गतिरोधक झाला. आणि वगदीने घेतलेली गाडी, मागून बसलेली, त्याच्यावर पोट घासायची. म्हणून जाता-येता अतियात तिथे उतरायची. वगदी रिकामी गाडी तिरकी तिरकी पलीकडे न्यायचा आणि आरशात बघायचा. सुजलेल्या पायांनी ती एकटी उंचवटा चढायची, वर जराशी थांबायची, ओठ हलायचे, मग उतरायची.

आजारी बाई. भर रस्त्यात. लोकांसमोर. वगदीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

*

म्हणून त्याने गाडी उचलून घेतली. झग्लूलने कडक स्प्रिंगा घातल्या, त्यांच्या वेटोळ्यांत रबराचे ठोकळे ठोकले. गाडी टाचा उंचावलेल्या कोंबडीसारखी दिसू लागली. वाएलवरून ती पहिल्यांदा न घासता गेली तेव्हा वगदी आनंदाने ओरडला, "बघ! बसल्या जागी! आता उतरायला नको!"

अतियात काच खाली करून मागे बघत राहिली.

पण उंची दिली तिथे मऊपणा गेला. आता प्रत्येक खड्डा सरळ तिच्या कण्यात. सना: "आई ग." वासरू: "आई ग." जुळे: नुसताच श्वास. परतताना तर रक्त धुऊन ती इतकी रिकामी झालेली असायची की वाएलवर तिच्या दातांवर दात आपटलेले वगदीला पुढे ऐकू यायचे. तिला पाणी मोजून मिळायचं. ती बर्फाचा एक खडा रुमालात बांधून न्यायची आणि परतताना तो तोंडात धरायची. त्या शनिवारी खडा तोंडातून उडून पायाशी पडला. तिने तो शोधला नाही.

"बुधवारपर्यंत येते," ती म्हणाली. "पुढचं नका विचारू."

"गाडी ठीक करतो ना मी."

"गाडीचं नाही हो म्हणत मी."

"मग कशाचं?"

गाडी गल्लीत वळली होती.

*

फिक्रीनेच सुचवलं. "दाजी, सगळा नका फोडू. कालव्याकडची कड फोडा, एका चाकापुरती. उजवी चाकं सपाटावरून, डावी वरून. धक्का निम्मा."

"तिला विचारायला हवं."

"विचाराल तर नाही म्हणेल. औषध विचारून देतात का?"

सोमवारी दुपारी, इस्पितळातून आल्यावर, अतियात ग्लानीत झोपली असताना वगदीने घण उचलला. शेजारी दारांत उभे राहिले. कुणी अडवलं नाही. बापाने उभारलेलं बाप फोडतोय, त्याला काय बोलायचं. फक्त समोरची म्हातारी नर्गिस म्हणाली, "वगदी, पोरं खेळतात रे इथे."

"निम्माच फोडतोय, खाला."

सिमेंट निघालं. सळया मात्र निघाल्या नाहीत, त्या त्याने वाकवून जमिनीलगत ठोकल्या.

*

बुधवार.

अतियात काळा झगा घालून मागे बसली. रुमालात बर्फ नव्हता, तिने केलाच नव्हता. वगदीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

गल्लीच्या तोंडाशी त्याने गाडी उजवीकडे घेतली, कडेच्या फोडलेल्या भागातून. डावं चाक वाएलवर चढलं. उजवं सपाटावर खाली राहिलं. गाडी सगळ्या अंगाने पिळली, जसा ओला कपडा दोन हातांत पिळतात, आणि मागून अतियात म्हणाली, "हे काय, इथलं कुठं गेलं हे, अबू वाएल, तुम्ही हे कुणी

तड्.

हा आवाज वगदीने हिवाळाभरात ऐकला नव्हता. गाडीचा उजवा खांदा एकदम खाली आला. पोट सिमेंटवर बसलं. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं.

तो उतरला. उजवं पुढचं चाक बाहेर दुमडून पडलं होतं, मोडलेल्या घोट्यासारखं. बॉल जॉइंट सॉकेटमधून उपसून आला होता. वगदीने गुडघे टेकले. धुळीतून शिक्का दिसत होता, स्वच्छ, फॅक्टरीचा. वर दाराच्या रंगावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

अतियात स्वतःच दार उघडून उतरली. गाडीला हात धरत धरत पुढे आली. फोडलेली कड, वाकवलेल्या सळया, गाडीच्या पोटाखाली राहिलेला निम्मा. हे सगळं तिने सावकाश बघून घेतलं.

"तुम्ही फोडला?"

"तुझ्या हाडांसाठी ग."

"मला विचारलंत?"

वगदीने गुडघ्यांवरची धूळ झटकली.

"मी उतरायचे ना इथे," ती म्हणाली. "जाताना एकदा, येताना एकदा. त्याच्यासाठी तर यायचे मी. नाहीतर त्या यंत्रापाशी माझं काय ठेवलंय?" मग तिचा आवाज आणखी खाली आला. "गाडी उंच केलीत तेव्हाच संपलं होतं. म्हटलं, राहू दे, तुम्हाला बरं वाटतंय."

उरलेल्या उंचवट्यावर ती बसली. उन्हाने सिमेंट तापलेलं होतं. पाय तिने पुढे सोडले, चपलांचे पट्टे सुजेत रुतलेले.

मायक्रोबस आली. गाडी आडवी बघून थांबली. चालकाने डोकं बाहेर काढलं.

"काय झालं, काका? चाक मोडलं? हाज्जा, मावशी, इस्पितळाचा वार ना आज? या, पुढची सीट देतो. ए, उठ रे तू, हाज्जाला बसू दे."

"ऊठ, अतियात," वगदी म्हणाला. "उशीर झाला तर यंत्र दुसऱ्याला देतील. ऊठ ना. मी धरतो."

"जा बाबा तू," ती चालकाला म्हणाली. "अल्लाह तुझं भलं करो."

"हाज्जा, खरंच जागा आहे."

"जा."

चालकाने वगदीकडे पाहिलं. वगदीने तिच्या काखेत हात घातला, उचलायला. ती जड नव्हती. पाणी सोडलं तर तिच्यात होतं काय? पण ती हलली नाही, आणि जोर करायचं त्याच्या हातांना जमलं नाही. मायक्रोबस दुसऱ्या कडेच्या मातीवरून, एक चाक खाली सोडून, डुलत डुलत पलीकडे गेली. आतल्या कुणीतरी पुटपुटल्यासारखे ओठ हलवले.

अतियात फोडलेल्या कडेवर बोट फिरवत होती. सिमेंटचा एक खडा सुटून तिच्या हातात आला.

"ह्यात पाणी मी घातलं होतं," ती म्हणाली.

वगदी तिच्या शेजारी बसला. समोर गाडी एका गुडघ्यावर आलेली, उन्हात चकचकीत.

"उस्ताला बोलावतो," तो म्हणाला.

"बोलवा," ती म्हणाली. "गाडी ठीक करून घ्या तुम्ही."

आणि खडा मुठीत धरून ती रस्त्याकडे बघत राहिली, ज्या बाजूने ट्रक येतात त्या बाजूला.