क्लचवरचा पाय

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. एके काळी माझा रंग गडद निळा होता. आता थोडा रंग आणि बाकी गंज, अशी माझी गत आहे. पूर्वी मुले माझ्या काचांना नाक लावून आत डोकावायची. मध्यंतरी मात्र ती माझ्या पत्र्याच्या शेडजवळूनही जाईनाशी झाली. का, ते सांगते.

मी कारखान्यातून थेट मालकांच्या घरी आले. त्यांनी मला जिवापाड जपले. त्यांना एकच वाईट खोड होती. गरज नसतानाही ते क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायचे. शेजारच्या सीटवरून त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, दर वळणावर म्हणायच्या, "अहो, पाय काढा त्यावरून." बाई शिवणकाम करत. त्यांना गाडी चालवता येत नसे, पण चालवणाऱ्याला शिकवता उत्तम येई.

मग मालक वारले. बाई रोज येऊन मला पुसत आणि मालक करत तसेच बॉनेट उघडून क्लचच्या तेलाची डबी बघत. तेल कमी दिसले की भर घालत. आणि एका सकाळी माझे क्लचचे पेडल खाली गेलेले दिसले. कोणी तरी ते दाबून धरावे, तसे. खालच्या मॅटवर तळव्याएवढा ओला ठसा होता. बाईंनी तो पुसला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच होता. गाडीत मालकांचे भूत बसते, अशी गल्लीत कुजबुज झाली आणि मुले मला टाळू लागली.

बाईंच्या मुलीने तो ठसा पाहिला आणि तिची पाचावर धारण बसली. "आई, ही गाडी आता घरात नको," असे म्हणून तिने भंगारवाल्याला बोलावले. बाईंना मी हवी होते. खरे सांगायचे तर त्यांना तो ठसाही हवा होता. त्यांनी गुपचूप आपल्या भावाला फोन केला. मुलीचा हा मामा जुन्या गाड्यांचा मेकॅनिक होता.

"ताई, भुतांना कुठे गिअर बदलायचे असतात? त्यांना क्लच कशाला?" असे म्हणत मामा माझ्या पेडलखाली आडवा झाला. त्याने बॅटरीचा उजेड वर टाकला. पेडलमागच्या सिलिंडरमधून तेल झिरपत होते आणि दांड्यावरून ओघळून मॅटवर उतरत होते. त्याने बोट लावून वास घेतला.

"डबीत काय ओतलंस?"

"शिवणयंत्राचं तेल. यंत्राला इतकी वर्षं घालतेय, कधी कुरकुरलं नाही."

मामाने कपाळावर हात मारला. "अगं, याला ब्रेक ऑइल लागतं. तुझ्या तेलानं आतली रबरं फुगली. म्हणून पेडल वर येत नाही आणि तेल गळतं."

बाईंचा चेहरा उतरला. मला त्यांचे फार वाईट वाटले. ठशाचे उत्तर मिळाले होते, पण त्यांना ते नको होते.

मामाने पेडलमागचा आणि खाली गिअरबॉक्सजवळचा असे दोन्ही सिलिंडर खोलले, नळी धुतली, नवी रबरे बसवली आणि योग्य तेल भरले. आता आतली हवा काढायची होती. ते काम एकट्याचे नसते. एकाने वर पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने खाली हवा सोडायचा छोटा स्क्रू, म्हणजे निपल, उघडायचे. बाई प्रथमच मालकांच्या सीटवर बसल्या. मामा माझ्याखाली सरकला.

"दाब. धर. आता सोड."

तेवढ्यात फाटकाशी मुलगी भंगारवाल्याला घेऊन आली. बाई हलकेच उतरून तिकडे गेल्या. मामाला खालून काही दिसत नव्हते.

"दाब," तो म्हणाला.

माझ्या सीटच्या स्प्रिंगा खाली गेल्या. पेडल दबले. मित्रांनो, तो भार मी ओळखला.

"धर. सोड. दाब." बुडबुडे थांबून स्वच्छ तेल आले. निपल घट्ट करून मामा म्हणाला, "सोड आता." पेडल खालीच राहिले. तो बाहेर आला. सीट रिकामी होती आणि बाई फाटकापाशी मुलीशी वाद घालत होत्या.

"ताई, पेडल कोण दाबत होतं?"

"मी तर केव्हाची इथे आहे."

मामा हातातले फडके पिळत राहिला. बाई आल्या. त्यांनी दारातून वाकून खाली गेलेल्या पेडलाकडे पाहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, पाय काढा त्यावरून," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता मी शिकणार आहे चालवायला."

पेडल सावकाश वर आले. बाईंच्या मागोमाग आलेल्या मुलीने ते पाहिले. ती फाटकाकडे गेली आणि तिने भंगारवाल्याला परत पाठवले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा, पण त्यांना काय मानवते ते आधी विचारून घ्या. आणि माझ्या शेडला घाबरू नका. बाई आता मला चालवतात. एखाद्या वळणावर त्यांचा पाय क्लचवर राहिला, की शेजारच्या रिकाम्या सीटच्या स्प्रिंगा किंचित कुरकुरतात. बाई हसतात आणि पाय काढून घेतात.