पाळण्याच्या कडीला टांगलेला गोफ

कर्र.

दुपारची सगळी आळी निजलेली, आणि ओसरीवरच्या कडीने तेवढा एक आवाज केला. लिहिता लिहिता टाक माझ्या हातातून सुटला. पाळण्यातलं बाळ कुशीवर वळलं होतं, इतकंच. तरी उठले, वाकून त्याच्या गळ्याशी बोट फिरवलं. गळा मोकळा होता. कालपासून माझं हे असंच चाललंय.

दोन महिने या कडीला तालमीपुरता गोफ टांगला जातोय. शाळेच्या पत्र्याखाली कडी नाही, म्हणून मुख्याध्यापिका सुनंदाबाई म्हणाल्या, "तालीम तुमच्या ओसरीवर घ्या." उद्या धुळ्याला मुलींच्या शाळांचे सामने. जळगावची आमची शाळा पहिल्यांदाच चाललीय, आणि गोफ बसवायचं काम माझ्याकडे. पाळणा उतरवला की सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन रोज म्हणायच्या, "हाई कडी पाळणानी शे, माय. तठे दोर टांगू नई."

"दोर नाहीत, आत्याबाई. पट्ट्या आहेत."

"मंग बाळले बी पट्टीमाच झोपाड."

मुली तोंडावर पदर धरून हसायच्या. मीही हसायचे.

आठ मुली, आठ रंगांच्या पट्ट्या. जुन्या लुगड्यांच्या काठांच्या, मीच बाळाला पाजता पाजता शिवलेल्या. चौघी जागेवर उभ्या राहायच्या, चौघी त्यांच्या आतून-बाहेरून टिपरीच्या ठेक्यावर उजवीकडे फिरायच्या. वीण वरून खाली उतरत यायची, एकेका वेढ्याचं एकेक घर. मग ठेका बदलला की त्याच चौघींनी डावीकडे उलटं फिरायचं, की सगळा गोफ उकलायचा. आणि मधोमध चौरंगावर श्रीकृष्ण म्हणून माझी कमल. पाच वर्षांची. वीण तिच्या वर केलेल्या हातावरून, डोक्यावरून खांद्यापर्यंत यायची. हे मीच सुचवलं होतं. सुनंदाबाई म्हणाल्या, "कुंदाबाई, धुळेकरांनी असं पाहिलेलं नसेल." मला फार बरं वाटलं होतं.

काल शेवटची तालीम. कमलला पहिल्यांदाच पीतांबर नेसवला, बेगडी मुकुट घातला, मोरपीस खोवलं. काठाचे दोरे कापायची कात्री माझ्या कमरेला खोचलेली होती. कमल चौरंगावर उभी राहिली तेव्हा फिरणाऱ्यांपैकी मंजुळाने टिपऱ्या काखेत धरून तिला हात जोडले. मंजुळा मुरलीधराच्या देवळातल्या पुजाऱ्याची लेक. मला कौतुक वाटलं. तिथेच मला कळायला हवं होतं.

वीण नीट उतरली. कमलचं नुसतं तोंड दिसत होतं, पट्ट्यांमधून माझ्याकडे बघून हसणारं. मी ठेका बदलला. तिघी डावीकडे वळल्या. मंजुळा वळली नाही. समोरून येणाऱ्यांना चुकवत ती उजवीकडेच चालत राहिली. दोन महिने न चुकता उलटी फिरलेली पोर. पण दोन महिने मधे कमल होती, आणि काल मधे देव होता. देवाला उलटी प्रदक्षिणा घालायची नाही हे तिच्या पायांना माहीत होतं.

तिची जांभळी पट्टी कमलच्या गळ्यावर आली. बाकीच्यांनी आपापल्या पट्ट्या ओढल्या आणि ती आवळली.

कमल ओरडली नाही. आवाजच निघाला नाही. तिचे हात विणीत अडकलेले होते.

"थांबा," मी म्हणाले. "मंजुळे, मागे फीर. घर मोज. एक..."

"बाई, देवाला..."

"मागे फीर. दोन. तीन..."

पाचव्या घराला पट्टी सैल झाली. कमल माझ्या अंगावर कोसळली, खोकली, मग रडली. मंजुळा खांबाला टेकून उभी होती. तिला मी रागावले नाही. कोणत्या तोंडाने रागावणार?

संध्याकाळी सुनंदाबाई म्हणाल्या, "कृष्ण नसेल तर नुसत्या टिपऱ्या राहतात हो. पण निर्णय तुमचा." मी त्यांना सांगितलं, मुकुट नको, पीतांबर नको, परकरात उभी करू, मंजुळा मग नक्की वळेल. हे बोलताना माझा आवाज अगदी शहाण्यासारखा येत होता. सासूबाईंनी कमलच्या गळ्यावरची लाल रेघ पाहून विचारलं. मी म्हटलं, घामोळं. त्यांनी नुसतं पाळण्याच्या कडीकडे पाहिलं.

सकाळी गाडी. चाळीसगावला बदलायची. ट्रंकेत आठही पट्ट्या घडी करून ठेवल्यात, जांभळी सगळ्यात खाली.

हे लिहीत होते तोवर कमल उठून आली आणि माझ्या मांडीला टेकून बसली. गळ्यावरची रेघ आता फिकी झालीय. मी तिचे केस मागे सारले.

"उद्या उभी राहशील ना गं मधे? भीती वाटत असेल तर नको."

"राहीन की." ती शिवणाच्या टोपलीतली कात्री काढून उघडत-मिटत बसली. मी ती तिच्या हातातून घेतली.

"आई, काल ही तुझ्या कमरेलाच होती ना?"

"हो."

"मग तू मोजत का होतीस?"