दोन्ही बाजूंचं ऐकणारा

“बाप कोण होणार?” मी वर्गाला विचारलं. बाराच्या बारा जण माना खाली घालून बसले. चर्चचे पाळक होऊ घातलेली ही मंडळी. उद्या लोकांचे संसार सावरायला निघणार, आणि वर्गात खोटा बाप व्हायला घाबरतात! शेवटी मी भोंग्यालाच उठवलं. हा आधी गॅरेजात कामाला होता. कुजबुजला तरी शेजारच्या खोलीत ऐकू जातं, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणतात. मुलीच्या खुर्चीत वर्गातल्याच नर्सबाई बसल्या.

प्रसंग मीच कागदावर लिहून दिला होता. नवऱ्याने हात उचलला म्हणून मुलगी बॅग घेऊन माहेरी येते. बाप पाळक. तो म्हणतो, दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मी काही बोलणार नाही. जावयाला बोलावून घेतो, दोघांना समोरासमोर बसवतो, मध्ये पाण्याचा ग्लास ठेवतो. मुलगी त्याच संध्याकाळी निघून जाते. सहा वर्षांनी ती पुन्हा दारात येते. बापाने काय बोलावं?

नावं घातली नव्हती, म्हणून कोणाला काही कळलं नाही. सहा वर्षांत माझी मुलगी एकदाच आली, तिच्या आईच्या दफनाला, आणि लांबच उभी राहिली. आज चार वाजता ती आईचं शिलाई मशीन न्यायला येणार होती. मला एक वाक्य हवं होतं. एकच, पण बरोबर. पंचवीस वर्षं जगाला कौटुंबिक समुपदेशन शिकवतोय, आणि स्वतःच्या घरासाठी विद्यार्थ्यांपुढे झोळी पसरली. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

भोंग्याने खुर्ची नर्सबाईंच्या जवळ ओढली. मग “चुकलं गं माझं,” एवढंच म्हणाला, आणि चक्क हमसून हमसून रडायला लागला.

“अहो, हे काय?” मी करवादलो. “समुपदेशकाने स्वतःला सावरायचं असतं. शंभरदा सांगितलंय.”

“पण सर, मी समुपदेशक कुठे होतो? तुम्हीच बाप केलंत ना मला?”

वर्ग हसला. मीही हसलो, आणि तास पाच मिनिटं आधीच सोडला.

चारला ती आली. कानांजवळचे केस पिकले होते. टेम्पोवाला मशीन उचलून खाली घेऊन गेला.

“बसतेस जरा?”

“नको. टेम्पो थांबलाय.”

‘चुकलं माझं’ अगदी ओठांवर होतं, देवाशपथ. आणि मी काय बोललो? “तू अजून दुखावलेली आहेस, असं मला जाणवतंय.” वर्गात फळ्यावर लिहितो ते वाक्य!

ती रागावली असती तरी बरं झालं असतं. “नाही, बरी आहे मी आता,” म्हणाली आणि तिने हात पुढे केला, रविवारी उपासना संपली की लोक चर्चच्या दारात माझ्यापुढे करतात तसा. मी तो दोन्ही हातांनी धरला. थांब म्हणायचं होतं. पण दारात कोणी हात पुढे केला की इतक्या वर्षांच्या सवयीने माझं तोंड आपोआप उघडतं.

“प्रभू तुझं रक्षण करो.”

“आमेन,” ती म्हणाली. हात सोडवून घेतला आणि जिना उतरून गेली.

रांगेतला पुढचा माणूस यायचा असावा, तसा मी हात पुढे धरून दारात उभा राहिलो. जिन्यावर कोणी नव्हतं.