विकतची केळी

आमच्या मुलाचं, रितेशचं लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. मांडव उतरला आणि माझी मोठी नणंद धुरपदाबाई अंथरुणाला लागली. तिला आम्ही अक्का म्हणायचो. विधवा झाल्यापासून ती निंबोल्याला आमच्याकडेच राहत होती. पोटाचा आजार. दिवाळीच्या तोंडावर तिनं खाणं सोडलं, नुसतं पाणी घ्यायची. डॉक्टर म्हणाले, आता जे मागतील ते द्या.

ती काहीच मागत नव्हती. एका सकाळी मात्र म्हणाली, "केळ्याचे गुलगुले कर वं. सोप घालून." बडीशेपेला आमच्याकडे सोप म्हणतात.

मी उठलेच. पण घरात पिकलेलं केळं नव्हतं. आमच्याकडे घड हिरवेच कापतात आणि ट्रकमध्ये भरतात. झाडावर पिकलं ते केळं वाया गेलं म्हणून ढोरांपुढे टाकतात. अंगणात घड पडले होते, दगडासारखे.

मालक म्हणाले, "गव्हाच्या कोठीत पुर. चार-पाच दिवसांत पिकतील."

"तवर अक्का थांबतील?"

मी पिशवी घेतली.

"कुठं निघाली?"

"बुऱ्हानपूरला. ठेल्यावरून आणते."

"डोकं फिरलं का? केळीवाल्याच्या घरात विकतची केळी? गाव तोंडात शेण घालील."

"घालू द्या. बहीण तुमची आहे. लाज वाटत असेल तर तोंड झाकून बसा."

तिथं शनवाऱ्याच्या चौकात लोटूचा केळ्यांचा ठेला होता. तो आमच्याच गावचा. मला बघून ओरडला, "काय काकू, बागेत चोरी झाली काय?"

"झाली. तूच चोर. ती काळी पडलेली दे, जी कोणी घेत नाही."

"अन् कौतिककाकांना काय सांगू?" त्यानं मालकांचं नाव काढलं.

"सगळ्या गावाला सांग. माझे कष्ट वाचतील."

घरी येऊन केळी कुस्करली. गूळ पाण्यात विरघळवून गाळला, त्यात कणीक, सोप, सुंठ, वेलची, चिमूटभर मीठ. पीठ जरा मुरू दिलं. घाईत पहिला घाणा मोठ्या आचेवर सोडला. वरून लाल, आत कच्चे.

खाटेवरून आवाज आला, "विस्तव कमी कर. करपल्याचा वास येतोय. अन् जायफळ कुठंय?"

जायफळ विसरलेच होते. मालक कधी चुलीजवळ येत नाहीत. त्या दिवशी आले, किसणी घेऊन बसले आणि जायफळ किसू लागले. दुसरा घाणा मी मंद आचेवर तळला. गुलगुले फुगून आपोआप उलटले.

मालकांनी अक्काला पाठीशी उशी देऊन बसवलं. तिनं एक तोडला, फुंकला, हळूहळू चावला. आम्ही दोघं तिच्या गळ्याकडे बघत होतो. घास उतरला.

"केळी विकतची ना?" ती म्हणाली.

मालकांनी मान खाली घातली.

"म्हणूनच गोड आहेत. आपल्या घरची तर जन्मात पिकलेली बघितली नाहीत."

मालक हसले आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागले. अक्कानं दुसरा उचलला. तोही संपवला. तिसरा मात्र ताटलीत तसाच राहिला.

धुरपदाबाई दिवाळीनंतरच्या मंगळवारी सकाळी वारली.