काळ्या लोकरीची राखी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी आहे. पितळी म्हणजे पितळेची, उभ्या काठाची जेवायची थाळी. सांगलीच्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. आक्काताईंच्या लग्नात मी माधवनगरला आले आणि कितीतरी वर्षं त्यांच्या घरच्यांना जेवू घातलं. घरात स्टील आलं, तशी मी फळीवर गेले, काळी पडले. शेवटी आक्काताईंनी मला गल्लीतल्या बालवाडीला दिलं, राखीपौर्णिमेला ओवाळण्यासाठी. वर्षातून एकच दिवस! पण त्या दिवशी मुलं म्हणायची, "आपली पितळी सोन्याची हाय!" आणि मी फुगायचे.

यंदाचं सांगायला मात्र तोंड नाही.

सकाळी सगळ्यांच्या आधी स्वप्नाली आली, धाकट्या भावाचा, अर्जुनाचा हात धरून. तिनं माझ्यात काळ्या लोकरीची एक जाड राखी ठेवली. त्यांची आजी मेंढरं घेऊन लांब गेलेली. जाताना तिनंच ती वळून दिली होती. मला ती आवडली नाही. सोन्याच्या पितळीत हा काळा गुंता कशाला?

मग घाईघाईत मदतनीस तानुबाई आल्या. घासायचा चोथाच कुणी ठेवलाय, असं त्यांना वाटलं. त्यांनी चिंच लावून त्याच लोकरीनं मला खसाखसा घासलं. ती राखी आहे, हे मला ठाऊक होतं. पण मी साधी ठणकन वाजलेसुद्धा नाही. उजळत होते ना!

ओवाळायची वेळ झाली. माझ्यात टिकल्यांच्या राख्या मांडल्या होत्या.

"माझी राखी कुठं हाय?" स्वप्नालीनं विचारलं.

"ही घे की गं, मोराची," तानुबाई म्हणाल्या.

"न्हाई. आज्जीनं दिल्याली. काळी, लोकरीची."

तानुबाईंचा हात थांबला. "आगं माझे बाय, ती राखी व्हती व्हय? मी तर भांडं घासलं तिनं!"

त्यांनी ती मोरीतून आणली, पिळली, पदरानं पुसली. निम्मी उसवलेली, चिंचेचा वास येणारी. पोरं हसली. स्वप्नालीनं ती मुठीत लपवली.

पाटावरच्या अर्जुनानं मनगट पुढं केलं. "बांध की गं आक्के. मला आज्जीचीच पायजे."

तिनं बांधली. "लय गार हाय!" म्हणून तो खुदकन हसला.

ओवाळताना निरांजनाचा उजेड माझ्यावर पडला आणि तिचे भरलेले डोळे माझ्यातच दिसले. "पितळी किती चकाकतीया!" कुणीतरी म्हणालं. आयुष्यात पहिल्यांदा मला पालथं पडावंसं वाटलं.

मित्रांनो, चकाकणारं काही दिसलं की खुशाल टाळ्या वाजवा. फक्त एकदा विचारा, ते कशानं घासलं. मी त्या दिवशी गप्प बसले. तुम्ही बसू नका.